अठ्ठावीस मण आणि दाऊदचाचा

दाऊदचाचांनी माझं नाव विचारलं, ते माझं वजन करून झाल्यावर.

चिंचवड स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक चिंचेचं झाड आणि त्या झाडाखाली उभी असलेली, लढाई संपल्यावर सरकारने डिस्पोजलमध्ये काढलेली एक पिकअप. गॅरेजच्या मागची खोली भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून मी वळकटी खांद्यावर टाकून गेलो. चिंचेच्या फांदीला लाकडाच्या वखारीत असतो तसला भलामोठा काटा टांगलेला होता. एका बाजूला साखळ्यांना बांधलेली फळी, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं. "बसा," चाचा म्हणाले. पाहुण्यासाठी झोपाळा असावा, अशा समजुतीने मी फळीवर ऐसपैस बसलो. समोरच्या पारड्यात धडाधड वजनं पडू लागली आणि मी पाय लोंबकळत हवेत गेलो.

"एक मण तीस शेर," चाचा समाधानाने म्हणाले. "वळकटी धरून. आता नाव सांगा."

वळकटीचे आठ शेर त्यांनी नंतर वजा केले, पण पुन्हा मला बसवून, खात्री करून. तेव्हा किलो यायचा होता. चाळीस शेरांचा मण आमच्या तोंडी होता आणि तो अख्ख्या पंचक्रोशीत दाऊदचाचांइतका कुणाच्या तोंडी नव्हता. मी पिंपरीच्या माळावर उभ्या राहत असलेल्या एका कारखान्याच्या बांधकामावर टाइमकीपर होतो. चाचांनी माझं नाव विचारलं खरं, पण ते वापरलं कधीच नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा "टाइमकीपर" झालो.

ही वजनाची हौस उगाच नव्हती. पिकअपच्या मागे चाचांनी एक लोखंडी ट्रेलर जोडला होता आणि त्यातून ते लोकांचं सामान वाहत. भाडं करायला येणारा माणूस म्हणायचा, "चाचा, एवढं घेऊन जाईल ना हो गाडी?" की चाचांचं ठरलेलं उत्तर यायचं, "ओढायचं सोडा. थांबायचं बोला."

त्यांचं म्हणणं असं की, ओढायला कुठलीही गाडी ओढते. उतारावर मागचं ओझं पुढच्या गाडीला ढकलायला लागलं की मग कळतं कोण कुणाला नेतंय ते. तेव्हा गाडी किती ओढते हा प्रश्नच चुकीचा. किती वजनाला ती थांबते, हे आधी सांगा. आता हे सांगायला वजन कळायला हवं, आणि मोटारीचं वजन करणारा काटा आसपास कुठे नव्हता. म्हणून चाचांनी माणसं वापरली. आधी माणसाला चिंचेखाली तोलायचं, मग पिकअपमध्ये बसवायचं आणि चाकावरचे स्प्रिंगचे पाटे किती बोटं खाली दबले ते खुणा केलेल्या काठीने मोजायचं. दहा माणसं बसवली, उठवली, की काठीवर हिशेब तयार. पुढे कांद्याची पोती भरा की विटा भरा, काठी लावून चाचा मण सांगत.

यामुळे झालं असं की, गावातलं प्रत्येक माणूस चाचांना वजनावरून पाठ होतं. "ते पोष्टमास्तर न्हाईत का, दोन मण चार शेर?" असं ते सहज बोलून जात. तालमीतला कोंडिबा पैलवान तर त्यांचा हुकमी ठोकळाच होता. सव्वादोन मण, वर्षभर, एक शेर इकडे तिकडे नाही. "इमानदार माणूस हाय," चाचा त्याच्याविषयी म्हणत. एखाद्याच्या वजनात फरक पडला तर त्यांना तो फसवणुकीसारखा लागायचा. पण मी एक पाहिलं होतं. लोहाराची सून बाळंतपणानंतर सहा शेरांनी उतरलेली दिसली, तेव्हा चाचांनी लोहाराला चारचौघांत असं झापलं की दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी दुधाचा तांब्या सुरू झाला.

एकदा एका वऱ्हाडाने पिकअप आणि ट्रेलर ठरवला. मुलीकडचे येऊन म्हणाले, "माणसं वीस."

"माणसं सांगू नका, मण सांगा."

शेवटी सगळं वऱ्हाड नटूनथटून चिंचेखाली रांगेत उभं राहिलं आणि एकेक जण तोलला गेला. दोन मण जास्त भरले. चाचांनी नजर फिरवली आणि नवरीच्या मामाला उतरवलं. मामा म्हणजे अडीच मणांचं प्रकरण, त्यात डोक्याला फेटा. एकच गलका उडाला. मामाशिवाय नवरीला मांडवात आणायचं कुणी? चाचांनी शांतपणे काठी पुन्हा पाट्याला लावली. "मग दोन करवल्या उतरवा," ते म्हणाले. "ह्या मामाला दोन करवल्या पडतात." त्या दोन करवल्या पुढे कित्येक दिवस चाचांच्या गॅरेजवरून तोंड फिरवून जात होत्या.

लोक हसत, मीही हसे. उन्हाळ्याच्या शेवटी पुनावळ्याच्या शेवंताबाई गॅरेजात आल्या, त्या दिवसापर्यंत.

शेवंताबाई विधवा होत्या. घरात म्हातारी सासू आणि एक जातं. वीस वर्षं त्यांनी लोकांची दळणं जात्यावर दळून घर चालवलं होतं. आता हातातल्या पाटल्यांपासून दारातल्या म्हशीपर्यंत होतं नव्हतं ते विकून त्यांनी पिठाची गिरणी घेतली होती, जुनीच, पण चालती. गिरणीचं तेलावर चालणारं इंजिन रेल्वेने चिंचवडला येऊन मालधक्क्यावर पडलं होतं. ते पवनेपलीकडे, पुनावळ्याला न्यायचं होतं. एका गाडीवानाने धाडस केलं, तर धक्क्यावरच त्याच्या बैलगाडीचा कणा मोडला. लॉरीवाले आले, पण नदीवरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, लॉरीला अरुंद. आणि मृग तोंडावर आलेला. एकदा नदी चढली की दिवाळीपर्यंत फरशीचा भरवसा नाही. तोवर खायचं काय?

"मिस्तरी, तुमी न्ह्याल म्हनून आले," शेवंताबाई म्हणाल्या.

चाचांनी रेल्वेची पावती पाहिली. इंजिन सत्तावीस मण. रिकामा ट्रेलर आठ मण.

"बसत न्हाई," चाचा म्हणाले.

शेवंताबाईंनी पावती परत घेतली. चिंचेच्या बुंध्याशी बसल्या आणि बसूनच राहिल्या. दुपारी मी जेवायला आलो तेव्हा तिथेच होत्या. चाचा एका गाडीखाली झोपून नट आवळत होते, पण नट केव्हाच आवळून झालेला होता. अखेर ते बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "टाइमकीपर, कागद घ्या. लिवायचं हाय."

पुढचे चार दिवस चिंचवडात जो तमाशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. चाचांनी आधी नदीवर जाऊन अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून फरशीकडे जाणाऱ्या रस्त्याचा उतार मोजला. मग आकुर्डीच्या माळावर तेवढाच उतार शोधून काढला आणि खाली नांगरलेलं मऊ रान पाहून तिथे चुना फासलेला एक धोंडा ठेवला. कोंडिबा पैलवान सगळी तालीम घेऊन हजर झाला. पैलवान तोलून, मोजून ट्रेलरमध्ये भरायचे, वरून गाडी सोडायची आणि चाचांनी शिट्टी मारली की ब्रेक दाबायचा. गाडी धोंड्याच्या अलीकडे थांबली तर आणखी एक पैलवान. गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं, कारण चाचांना खाली उभं राहून चाकं बघायची होती. त्यांनीच मला चालवायला शिकवलं होतं. कागदावर पहिलीच ओळ त्यांनी सांगितली: चालवणारा, एक मण बावीस शेर. मग ट्रेलर, मग एकेक पैलवान.

पंचवीस मणांना गाडी आरामात थांबली. सव्वीस, सत्तावीसलाही थांबली. अठ्ठावीसला धोंड्यापासून वीतभर अलीकडे. मग कोंडिबाला काढून त्याच्या जागी दोन गडी घातले, एकोणतीस भरले, आणि गाडी धोंडा ओलांडून थेट नांगरटीत घुसली. पैलवान ढेकळांत पालथे झाले आणि उठून "पुन्यांदा! पुन्यांदा!" म्हणून ओरडायला लागले.

"अठ्ठावीसपर्यंत गाडी माजी," चाचांनी जाहीर केलं. "एकोणतिसाव्याला नदीची."

मग ते इंजिनाकडे वळले. त्याची दोन्ही जडशीळ चाकं खोलून काढली, काट्यावर चढवली. पाच-पाच मण. ती आणि गिरणीचे दगड बैलगाडीने पुढे गेले. राहिलं सतरा मणांचं धूड. ते चाचांनी ट्रेलरमध्ये चाकांच्या थोडं पुढे ठेवून घेतलं. ओझं मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवतो आणि फार पुढे आलं की गाडीच्या मानेवर बसतं, हे त्यांनी मला निदान वीसदा ऐकवलं असेल.

एक अडचण होती. पिकअपचा हातब्रेक झिजला होता. उतारावर कुणीतरी तो दोन्ही हातांनी ओढून धरायला हवा होता. माणूस वजनाला हलकं हवं आणि हाताला भक्कम. चाचांनी सगळ्या गावाची वजनं मनातल्या मनात चाळली असावीत. मग शेवंताबाईंना म्हणाले, "बाई, बसा काट्यावर."

एक मण दहा शेर. आणि वीस वर्षं जातं ओढलेले हात. त्यांनी ब्रेक असा खेचून दाखवला की कोंडिबाने कानाला हात लावला.

ठरल्या दिवशी सकाळीच निघालो. पिकअप पुढे, मागे अर्धं चिंचवड चालत. नदीच्या उताराच्या तोंडाशी चाचांनी गाडी उभी केली, चाकांना दगड लावले आणि म्हणाले, "टाइमकीपर, हिसाब वाचा."

मी मोठ्याने वाचला. ट्रेलर आठ मण. इंजिन सतरा. साखळदंड आणि पेट्रोल मिळून वीस शेर. शेवंताबाई एक मण दहा शेर. एकूण सव्वीस मण तीस शेर.

"म्हंजे अजून एक मण दहा शेर जागा हाय. बसतंय!" चाचा म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र कागदाकडे बघत राहिलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. खिशातून माळावरचा जुना कागद काढला, दोन्ही शेजारी धरले. जुन्यावर पहिली ओळ होती. नव्यावर ती ओळच नव्हती.

"चाचा," मी म्हणालो, "आज चालवणार कोण?"

"मीच की."

"मग तुमचं वजन?"

पोष्टमास्तरांपासून लोहाराच्या सुनेपर्यंत सगळं गाव ज्याच्या जिभेवर, तो माणूस इकडेतिकडे बघायला लागला.

"फौजेत भरती झालो तवा दीड मण होतो," ते हळूच म्हणाले.

दीड मण म्हणजे साठ शेर आणि जागा पन्नास शेरांची. दहा शेर जास्त. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो चाचा, दहा शेरानं काय हुतंय?" चाचा त्याच्यावर असे उखडले की तो माणूस गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. मी चालवतो म्हणालो, तर मी त्यांच्याहूनही जड. ब्रेक धरायला शेवंताबाईंपेक्षा हलकं कुणी नाही. आकाश काळं होत चाललं होतं. शेवंताबाई गाडीतून खाली उतरल्या. रडतील असं मला वाटलं. त्या चाचांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"मिस्तरी, भरती झाला त्याला किती वरसं झाली?"

"झाली की पंधराएक."

"मंग? तवाचं वजन आज कसं धरता? माजं किती म्हनला? एक मण दहा. अन् जागा किती हाय? तेवडीच. कोंडिबा, ती चढवायची फळी आन."

कोंडिबाला काही कळलं नाही, पण फळी आली. शेवंताबाईंनी रस्त्यातच एक गोल धोंडा लोटून आणला आणि त्याच्यावर फळी बरोबर मध्यावर टेकवली. मग पदर खोचून त्या एका टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "बसा त्या टोकाला. मी खाली गेले तर गाडी जाती. तुमी खाली गेला तर मी गपगुमान घरला जाते."

सगळ्या गावाला तोलणारा माणूस चारशे डोळ्यांसमोर फळीवर बसला. अंग चोरून, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. कोंडिबाने फळी आडवी धरली होती ती सोडली. क्षणभर फळी तशीच राहिली. मग शेवंताबाई जमिनीला टेकल्या आणि दाऊदचाचा हळूहळू वर गेले.

"बसतंय!" अख्खा रस्ता ओरडला. टोप्या उडाल्या. पैलवानांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं. चाचा वर, हवेत, पाय लोंबकळत. कोंडिबा त्यांना उतरवायला गेला, काखेत हात घालून त्यांना उचललं आणि उचलल्यावर त्याचं हसू मावळलं. "चाचा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी जेवता का न्हाई वो?"

"गाडी सुरू करायची हाय," चाचा म्हणाले आणि चाकाचे दगड काढायला वाकले.

उतार काय झाला म्हणता! चाचा पहिल्या गिअरमध्ये, शेवंताबाई दातओठ खात ब्रेकवर, मागे सतरा मणांचं लोखंड साखळदंडात करकरतंय. निम्म्या उतारावर चाचांनी गाडी चक्क थांबवली. मागचे लोक जागीच थांबले. चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "बगा. थांबली." मग पुन्हा सोडली. फरशी ओलांडली, पलीकडचा चढ घोंघावत चढला आणि गाडी पुनावळ्याच्या वेशीत शिरली. तिथे हलगी वाजत होती. आयुष्यात मी पुष्कळ मिरवणुका पाहिल्या, पण इतका अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच मिरवणुकीत वाटला नाही.

आठ दिवसांनी गिरणी सुरू झाली. सगळा गाव जमला होता. पहिलं पीठ देवाला ठेवायची रीत. शेवंताबाईंनी ते परातीत घेतलं, चुलीपाशी बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. सासू म्हणाली, "अगं, देवाचं हाय ते!"

"देवाला दुसरं ठेवीन. त्यो काय वाळाया लागला न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या आणि पहिली भाकरी दाऊदचाचांच्या पुढ्यात ठेवली.

चाचा उठायला लागले. गाडीचं निमित्त केलं, गॅरेज उघडं टाकून आलोय म्हणाले. शेवंताबाईंनी काही ऐकलं नाही. चाचा मग खाली मान घालून जेवले. तिसरी भाकरी संपवल्यावर पाणी पिताना ते माझ्याकडे न बघता बोलले, "बायको गेल्यापास्नं लोक म्हणत्यात, या की जेवायला कवातरी. भले लोक हायेत. पन कवातरी म्हंजे कवा, ते मला आजवर समजलं न्हाई, टाइमकीपर."

त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी वर्षभर राहत होतो आणि हेच वाक्य मीही त्यांना चार-दोनदा ऐकवलं होतं.

चुलीपाशी ते ऐकू गेलं होतं. "बेस्तरवारी," शेवंताबाई तवा उतरवत म्हणाल्या. "दर बेस्तरवारी दुपारी. त्या दिशी गिरणी बंद असती."

तेव्हापासून गुरुवारी चाचांचं गॅरेज दुपारी बंद. मोठमोठे ठेकेदार दारात येऊन ताटकळत, पण चाचा मिळायचे नाहीत. लोकांनी थोडं बोलून घेतलं, मग कंटाळले.

त्या पावसाळ्यातल्या एका गुरुवारी मीही त्यांच्याबरोबर होतो. उताराच्या तोंडाशी आलो तर पवना दुथडी भरलेली. फरशीचा मागमूस नाही. पलीकडच्या काठावर, पोतं डोक्यावर घेऊन, शेवंताबाई उभ्या होत्या. मध्ये एवढं पाणी की हाक पोहोचणार नाही.

"चला चाचा," मी म्हणालो. "आज काही पाणी उतरत नाही."

"उतरत न्हाई, ते दिसतंय मला."

"मग?"

चाचांनी गाडी बंद केली. खाली उतरून चाकांना दगड लावले आणि भिजत बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले, पलीकडून नीट दिसतील असे.

"जरा थांबू," ते म्हणाले. "तिनं भाकरी टाकल्या असत्याल. मी आलो हुतो, एवडं तरी तिला दिसू द्या."